फोटोतल्या रुपयाची प्रत

एक कोडे पाहू. टेबलावर दोन फोटो ठेवले आहेत असे समजा. दोन्हींत १९१८ सालचा चांदीचा रुपया आहे. पहिल्या फोटोत राजाच्या दाढीचे केस वेगवेगळे दिसतात, मुकुटावरचे नक्षीकाम उठून दिसते. दुसऱ्या फोटोतला चेहरा मात्र सपाट, गुळगुळीत वाटतो. यांतले कोणते नाणे चांगले? तुम्ही लगेच पहिल्यावर बोट ठेवाल. पण हे दोन्ही फोटो एकाच रुपयाचे असू शकतात! नाणे तेच, कॅमेरा तोच. मधल्या वेळात फक्त दिव्याची जागा बदलली.

आज जुनी नाणी जमवणारे पुष्कळ लोक नाणे हातात न घेता, केवळ फोटो पाहून ते विकत घेतात. नाण्याची किंमत त्याच्या स्थितीवर, म्हणजे प्रतीवर अवलंबून असते. तेव्हा फोटो पाहून प्रत ओळखता येते का, आणि येत असेल तर कितपत, हा प्रश्न खिशाशी जोडलेला आहे. त्याचे उत्तर मात्र विज्ञानात, विशेषतः प्रकाशाच्या परावर्तनात आहे.

प्रत म्हणजे काय?

आंब्याची जशी प्रतवारी करतात तशीच नाण्यांचीही करतात. पूर्वी यासाठी ‘चांगले’, ‘उत्तम’ असे मोघम शब्द वापरत. विकणाऱ्याचे ‘उत्तम’ आणि घेणाऱ्याचे ‘उत्तम’ यांत बरेच अंतर पडे. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचवली. त्याची कल्पना अशी होती, की १ प्रतीच्या नाण्याला जी किंमत येते तिच्या सत्तर पट किंमत ७० प्रतीच्या नाण्याला यावी. किमतीचे हे गणित पुढे टिकले नाही, पण आकडे टिकले. अमेरिकेतील नाणेसंग्राहकांच्या संघटनेने १९७०च्या दशकात ही मोजपट्टी सर्वच नाण्यांसाठी स्वीकारली. आज जगभर तीच वापरतात.

या मोजपट्टीतील शब्द गमतीचे आहेत. ४ आकड्याला ‘गुड’ म्हणजे चांगले म्हणतात. पण असे नाणे इतके झिजलेले असते, की चित्राची फक्त बाह्यरेषा उरते. १२ म्हणजे ‘फाइन’, २० म्हणजे ‘व्हेरी फाइन’, ४० म्हणजे ‘एक्स्ट्रीमली फाइन’. पन्नाशीच्या नाण्यावर झिजेचा अगदी पुसट मागमूस असतो. ६० ते ७० हे आकडे न झिजलेल्या, व्यवहारात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखून ठेवले आहेत. न झिजलेल्या नाण्यांतही अकरा पायऱ्या कशासाठी? कारण टाकसाळीतून निघताना नाणी पोत्यांत भरली जातात, एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्यावर बारीक खोका पडतात. शिवाय सगळ्यांची झळाळीही सारखी नसते.

प्रत चित्रांवरून शिकवण्याची पद्धतही जुनी आहे. १९५८ साली ब्राउन आणि डन यांनी रेखाचित्रे देऊन अमेरिकन नाण्यांची प्रतवारी समजावणारे पुस्तक काढले. १९७० साली जेम्स रडी याने त्याच कामासाठी छायाचित्रे वापरली. शेजारी नमुन्याचा फोटो ठेवायचा आणि आपले नाणे त्याच्याशी ताडून पाहायचे, अशी ती युक्ती होती. मात्र तेथे नाणे हातात असे आणि फोटो फक्त नमुन्याचा असे. नाण्याचाच फोटो पाहायचा असेल तर काम अवघड होते.

आपला नमुना: राजाछाप रुपया

आपण पाचव्या जॉर्ज राजाचा चांदीचा रुपया नमुना म्हणून घेऊ. पुष्कळ घरांत हा ‘राजाछाप’ रुपया जपून ठेवलेला असतो. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि उरलेला मुख्यतः तांबे. व्यास सुमारे ३०.५ मि.मी. मुंबई आणि कलकत्ता या दोन टाकसाळींत तो पाडला जाई. १९१८ साली पहिल्या महायुद्धामुळे नाण्यांची मागणी फार वाढली होती आणि हे रुपये कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले. म्हणूनच त्या सालचा रुपया दुर्मीळ नाही. झिजलेल्या रुपयाला जवळजवळ त्यातील चांदीचाच भाव येतो. न झिजलेल्या, झळाळी टिकलेल्या रुपयाला मात्र संग्राहक बरेच जास्त मोजतात. म्हणजे येथे सगळा खेळ प्रतीचा आहे.

छाप्याच्या बाजूला मुकुट घातलेल्या राजाचा डावीकडे पाहणारा चेहरा असतो. झग्यावर मानचिन्हांची माळ आहे आणि तिच्यात एक इवलासा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड इतकी आखूड होती, की लोकांना तो डुक्कर वाटला. मोठी नाराजी पसरली. सरकारला नाणे मागे घ्यावे लागले, आणि १९१२ पासून हत्तीला नीट लांब सोंड मिळाली. संग्राहक १९११ च्या रुपयाला आजही ‘डुक्कर रुपया’ म्हणतात. काही मिलिमीटरच्या चित्रातली एक रेघ किती महत्त्वाची ठरते ते यावरून कळेल.

काट्याच्या बाजूला मधोमध किंमत आणि साल, तर कडेने गुलाब, थिसल, शॅमरॉक आणि कमळ यांची वेल असते. तळाच्या कमळाखाली एक बारीक उठावदार ठिपका असेल तर तो रुपया मुंबईचा. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा. हा ठिपका लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

झीज कोठे होते?

पायरीचा दगड मधोमध झिजतो, कोपऱ्यात झिजत नाही. कारण पाय मध्ये पडतात. नाण्याचेही तसेच आहे. खिशात, गल्ल्यात, बोटांत ते घासले जाते तेव्हा सर्वांत उंच भाग प्रथम घासले जातात. राजाचा गाल, भुवई, कान व त्यावरचे केस, दाढीचा फुगीर भाग, मुकुटाची पट्टी आणि खांद्यावरचा झगा येथे झीज आधी दिसते. अक्षरांच्या आतील कोपरे आणि वेलीतील खाचा मात्र बराच काळ सुरक्षित राहतात.

यावरून फोटो पाहण्याचा पहिला नियम निघतो. आधी नाण्यातली खोल, सुरक्षित जागा पाहा. मग उंच जागा पाहा. आणि दोहोंची तुलना करा. खोल भागातले तपशील स्वच्छ आहेत पण उंच भाग सपाट आहेत, तर झिजेचा संशय घ्यायला हरकत नाही. खोल भागही अंधूक दिसत असेल, तर दोष नाण्याचा नसून बहुधा फोटोचा आहे. कॅमेरा हलला असेल किंवा भिंग नीट जुळवले नसेल.

प्रकाश कोठून आला?

फोटो धातूची नोंद करत नाही. तो धातूवरून परतलेल्या प्रकाशाची नोंद करतो. हे वाक्य साधे आहे, पण सगळे त्यातच आले.

नाण्यावरील उठाव मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. तो आपल्याला दिसतो तो उजेड आणि सावली यांमुळे. दिवा अगदी खालून, नाण्याला जवळजवळ समांतर लावला तर लहानशा उंचवट्याचीही लांब सावली पडते. संध्याकाळी मैदानातल्या ढेकळांच्या सावल्या लांब होतात तसेच हे. अशा प्रकाशात झिजलेल्या दाढीचे उरलेसुरले केसही ठळक दिसतात आणि नाणे आहे त्याहून चांगले वाटते. त्याचबरोबर बारीक ओरखडेही भयंकर दिसू लागतात. याउलट ढगाळ दिवसासारखा चहूकडून येणारा मंद प्रकाश असेल तर सावल्याच पडत नाहीत. मग चांगल्या नाण्याचा चेहराही सपाट दिसतो. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर हे आहे.

आणखी एक चमत्कार पाहा. आपला मेंदू ‘उजेड वरून येतो’ असे गृहीत धरतो, कारण सूर्य डोक्यावर असतो. त्यामुळे एखाद्या ठिपक्याची वरची कड उजळ आणि खालची काळी असेल तर तो आपल्याला उंचवटा वाटतो. उलट असेल तर खळगा वाटतो. आता दिवा नाण्याच्या खालच्या बाजूला ठेवून फोटो काढला तर काय होईल? मुंबईच्या टाकसाळीचा तो उठावदार ठिपका चक्क खळगा भासेल आणि पाहणारा म्हणेल, ‘येथे कोणी तरी टोचले आहे!’ एखादी खरी खोक उंचवटा वाटण्याचाही असाच धोका असतो.

म्हणून फोटो हाती आला, की पहिला प्रश्न विचारा: दिवा कोठे होता? उत्तर फोटोतच असते. अक्षरे नक्की उठावाची आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची जी कड उजळ, त्या बाजूला दिवा. ते कळले की फोटो फिरवून दिव्याची बाजू वर आणा. ठिपका ठिपक्यासारखा आणि खोक खोकेसारखी दिसू लागेल.

झळाळी म्हणजे काय?

नव्या नाण्यावरची झळाळी आरशासारखी नसते. नाणे तिरके करून हळूहळू फिरवले तर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावर फिरताना दिसतात. याचे कारण नाणे पाडण्याच्या क्रियेत आहे. दोन ठशांमध्ये धातूची चकती प्रचंड दाबाखाली येते तेव्हा धातू मधून काठाकडे वाहतो. हजारो नाणी पाडताना या वाहण्यामुळे ठशाच्या पृष्ठभागावर केंद्रातून काठाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, आणि त्या पुढच्या नाण्यांवर येतात. प्रत्येक रेषेचा उतार एखाद्या चिमुकल्या आरशासारखा वागतो. ज्या रेषांचा कोन दिव्याशी आणि डोळ्याशी जुळतो तेवढ्याच त्या क्षणी चमकतात. कोन बदलला की दुसऱ्या चमकतात. म्हणून पट्टा फिरल्यासारखा वाटतो. असाच प्रकाशाचा पंखा स्टीलच्या नव्या डब्याच्या झाकणावरही दिसतो. फक्त तेथल्या रेषा गोलाकार असतात.

या रेषा इतक्या नाजूक असतात, की थोड्याशा घर्षणानेही पुसल्या जातात. म्हणून झीज सुरू झाल्याची पहिली खूण चित्रातला तपशील नव्हे, तर झळाळी देते. पट्टा फिरत फिरत राजाच्या गालावर येतो आणि तेथे तुटतो, मंद करडा होतो. अशा नाण्याला ६० च्या पुढची प्रत मिळत नाही.

येथेच फोटोची मोठी मर्यादा समोर येते. झळाळी ही हालचालीत दिसणारी गोष्ट आहे. एका स्थिर फोटोत पट्टा एकाच जागी गोठलेला असतो. पट्ट्याबाहेरचा भाग काळसर दिसतो तो झिजल्यामुळे, की त्या वेळी प्रकाशाचा कोन जुळला नाही म्हणून, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. दिवा वेगवेगळ्या बाजूंना ठेवून काढलेले दोन-तीन फोटो किंवा नाणे फिरवतानाचा छोटा चलत्‌चित्रपट असेल तरच निर्णय करता येतो.

झीज की कच्चा ठसा?

कधी कधी टाकसाळीतच दाब कमी पडतो. ठशाच्या सर्वांत खोल भागापर्यंत, म्हणजे नाण्याच्या सर्वांत उंच भागापर्यंत, धातू पोचत नाही. अशा नाण्याच्या भुवईचे केस जन्मापासूनच अस्पष्ट असतात. फोटोत ते झिजल्यासारखेच दिसते. मग फरक कसा करायचा? पुन्हा झळाळीकडे वळायचे. कच्च्या ठशाच्या सपाट भागावरही झळाळी असते, आणि कधी कधी मूळ चकतीवरचे बारीक खवले उरलेले दिसतात. झिजलेला सपाट भाग मात्र गुळगुळीत आणि मंद असतो, आणि त्याचा रंग आसपासच्या भागाहून वेगळा पडतो.

घासलेले नाणे

आपल्याकडे चांदी काळी पडली की चिंच, राख किंवा पावडर लावून घासायची सवय आहे. ताटवाटीला ते ठीक. नाण्याला ते मारक आहे. घासल्याने काळेपणा जातो, पण त्याबरोबर त्या सूक्ष्म रेषाही जातात आणि त्यांच्या जागी केसासारखे बारीक चरे पडतात. व्यवहारात पडलेले ओरखडे निरनिराळ्या दिशांना असतात. घासल्याचे चरे मात्र बहुधा एकाच दिशेने, शेजारी शेजारी, शेत नांगरल्यासारखे दिसतात. प्रकाश चऱ्यांच्या आडव्या दिशेने आला तर ते चमकतात. चऱ्यांच्या दिशेनेच आला तर जवळजवळ नाहीसे होतात. घासलेले नाणे कितीही तपशीलवार असले तरी जाणकार त्याला नेहमीची प्रत देत नाहीत. म्हणून एकाच फोटोत ‘चकाचक’ दिसणारा शंभर वर्षांचा रुपया पाहिला तर आनंदापेक्षा शंका अधिक वाटली पाहिजे.

रंगाचे काय?

हवेतील हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. थर अगदी पातळ असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि पिवळा, जांभळा, निळा असे रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावरच्या रंगांचे कारणही हेच आहे. थर जाड झाला की नाणे काळे पडते. पण फोटोतला रंग मुळीच भरवशाचा नसतो. पिवळ्या दिव्याखाली पांढरी चांदी सोनेरी दिसते आणि रंग गडद करणे तर आज मोबाइलवर क्षणाचे काम आहे. यावर सोपा उपाय म्हणजे नाण्याखाली कोरा पांढरा कागद असावा. फोटोतला कागदच पिवळट दिसला, तर नाण्याच्या पिवळेपणावर विश्वास ठेवू नये.

फोटो किती मोठा आहे?

आता थोडे गणित. डिजिटल फोटो बारीक चौकोनी चित्रबिंदूंचा बनतो. आपला रुपया ३०.५ मि.मी. रुंद आहे. फोटोत तो ३०५ बिंदूंइतका रुंद असेल, तर एक बिंदू म्हणजे ०.१ मि.मी. मग ०.०२ मि.मी. रुंदीचा चरा एका बिंदूच्या पाचव्या भागाएवढा झाला. तो खूप चमकला तरच जाणवेल, नाही तर आसपासच्या धातूत मिसळून जाईल. तोच रुपया १५२५ बिंदू रुंद असेल तर एक बिंदू ०.०२ मि.मी. चा होतो आणि चरा दिसण्याची शक्यता वाढते. लहान फोटो ताणून मोठा केल्याने मात्र बिंदू मोठे होतात, माहिती वाढत नाही. त्यात मोबाइल फोटो ‘गुळगुळीत’ करण्यासाठी स्वतःच बारीक खडबडीतपणा पुसून टाकतो. त्या भरात खरे चरेही पुसले जातात. सारांश असा, की लहान फोटोत नाणे नेहमी आपल्या खऱ्या प्रतीपेक्षा बरे दिसते.

मग निष्कर्ष कसा काढावा?

फोटोवरून प्रत सांगताना एक आकडा सांगू नये, पल्ला सांगावा. ‘हा रुपया २० ते ३० च्या दरम्यानचा वाटतो’ हे विधान प्रामाणिक आहे. खूप झिजलेल्या नाण्याचा पल्ला लहान असतो, कारण तेथे ठळक तपशील आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते. नाणे जसजसे चांगले, तसतसा निर्णय झळाळी आणि केसासारख्या चऱ्यांवर जातो, आणि नेमक्या याच गोष्टी फोटो नीट दाखवत नाही. किमतीतला फरक मात्र तेथेच सर्वांत मोठा असतो! प्रत्यक्ष नाणे हातात असूनही दोन जाणकारांचे आकडे वेगळे येऊ शकतात, मग फोटोवरून अचूक आकडा कसा निघणार?

शिवाय काही गोष्टी फोटोत येतच नाहीत. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास आहे का? घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.३ ग्रॅम भरते का? कडेवरचे दाते सर्वत्र सारखे आहेत का? पूर्वी दुकानदार रुपया दगडावर टाकून वाजवून घेत. खऱ्या चांदीचा आवाज खणखणीत येई. फोटो वाजवून पाहता येत नाही. नाणे मुळात खरे आहे का, हा प्रश्न प्रतीच्या आधीचा आहे आणि त्याचे उत्तर तराजूच चांगले देतो.

करून पाहा

घरातील पाच किंवा दहा रुपयांची एकाच प्रकारची चार नाणी घ्या: एक नवे आणि तीन कमीअधिक झिजलेली. ती कडेला धरूनच उचला, घासू-पुसू नका. खोलीत अंधार करा. पांढऱ्या कागदावर एक नाणे ठेवा. पुस्तकांच्या दोन चळतींवर मोबाइल आडवा ठेवा, म्हणजे तो कागदाला समांतर राहील. फोटोत नाणे लंबगोल आले तर मोबाइल तिरका आहे असे समजा. आता नाणे हे घड्याळ आहे अशी कल्पना करून बॅटरी अनुक्रमे १२, ३, ६ आणि ९ च्या जागी ठेवून चार फोटो काढा. पाचवा फोटो बॅटरीसमोर पातळ पांढरा कागद धरून काढा. चारही नाण्यांचे असे फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोवर फक्त क्रमांक घाला.

हे फोटो मित्रांना एकेक करून दाखवा आणि प्रत्येकाला १ ते १० मध्ये गुण द्यायला सांगा. मग खरी नाणी दाखवून पुन्हा गुण घ्या. कोणत्या प्रकाशात गुण जास्त मिळाले, कोणत्या प्रकाशात मित्रांचे सर्वांत कमी मतभेद झाले, ते वहीत तक्त्यात मांडा. एकाच नाण्याचे चारही फोटो एकत्र दाखवल्यावर अंदाज किती सुधारतो, तेही पाहा.

एक सूचना शेवटी. ‘तुमच्या जुन्या नाण्याचा फोटो पाठवा, लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भरा’ असे निरोप लोकांना येतात. रिझर्व्ह बँकेचे नावही त्यात वापरले जाते. अशा फसव्या निरोपांना बळी पडू नका, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. फोटोवरून लाखाची किंमत ठामपणे सांगणारा माणूस भेटला, तर त्याला एवढेच विचारा, ‘फोटो काढताना दिवा कोणत्या बाजूला होता?’ ज्याला हे सांगता येत नाही, त्याने फोटो नीट पाहिलेलाच नाही.